टाकी भरत नाही? आधी हवेला वाट द्या

ऑक्टोबर सरला की मस्कतचं हवामान माणसाळतं आणि अल् घुब्र्याच्या पार्किंगमध्ये उन्हाळाभर कव्हर घालून ठेवलेल्या कॅरॅव्हॅन एकेक करून बाहेर निघतात. कुणी शर्कियाच्या वाळूत जातं, कुणी रास अल् जिन्झला कासवं बघायला, कुणी थेट जबल शम्सवर. निघायच्या आदल्या दिवशी गाडीतली पिण्याच्या पाण्याची टाकी भरायची असते, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. नळी तोंडात घातली, नळ सोडला, की अर्ध्या मिनिटात पाणी ‘गुडगुड’ करून उलटं अंगावर येतं. नळ बारीक केला तर भरतं, पण तास लागतो. किंवा पाणी बाहेर सांडायला लागलं म्हणून ‘भरली’ समजून आपण निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवंटात पंप नुसता खडखडतो.

चार जणांच्या कुटुंबाला पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम धुणं-विसळणं धरलं तरी दिवसाला चाळीसेक लिटर लागतात. १४४ लिटरच्या टाकीत ९० लिटरच गेले असतील तर तीन दिवसांची सहल सव्वादोन दिवसांची होते. जवळच्या पेट्रोल पंपापासून साठ किलोमीटर आत असताना हा फरक किरकोळ राहत नाही.

या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात नसतं, हवेत असतं. रिकामी टाकी रिकामी नसतेच, ती हवेने भरलेली असते. शंभर लिटर पाणी आत जायचं तर शंभर लिटर हवा बाहेर आली पाहिजे. आपल्याकडे ही गोष्ट वाण्याच्या दुकानात शिकायला मिळायची. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला तो एक भोक पाडून थांबत नसे, समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायचाच. एकाच भोकातून तेल आणि हवा आलटून पालटून जातात, म्हणून ते गचके खात पडतं. दुसरं भोक पाडलं की संथ धार लागते. कॅरॅव्हॅनच्या टाकीला हे दुसरं भोक कारखान्यातच दिलेलं असतं: एक बारीक नळी, टाकीच्या वरच्या कडेपासून निघून बाहेरच्या भरायच्या तोंडाशेजारी उघडणारी. तिला इथले मेकॅनिक सरसकट ‘व्हेंट’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

व्हेंट इतकी बारीक, साधारण बोटभर जाडीची, तरी तिला काम झेपतं का? हिशोब करून बघू. बागेची नळी मिनिटाला २० लिटर पाणी देते असं धरा. तेवढीच हवा आतून १२ मिलिमीटर व्यासाच्या व्हेंटमधून गेली तर तिचा वेग सेकंदाला जेमतेम ३ मीटर होतो, म्हणजे मंद वाऱ्याची झुळूक. हवा हलकी असल्यामुळे तेवढ्यासाठी टाकीत फार दाब साचावा लागत नाही, दोन-तीन मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढा पुरतो. थोडक्यात, मोकळी व्हेंट अगदी सुखाने काम करते.

पण हीच नळी एका जागी चोंदून ३ मिलिमीटरची झाली तर? व्यास चौथाई झाला की भोकाचं क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतं, हवेला तिथे सोळा पट वेगाने जावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे अडीचशे पट. एवढा दाब टाकीत साचला की तो येणाऱ्या पाण्यालाच मागे रेटतो. आखातात ही चोंदण्याची कामगिरी धूळ करते आणि तिच्यापेक्षा जास्त कुंभारीण माशी करते. चिखलाचं घर बांधायला तिला बोटभर जाडीचं सावलीतलं भोक फार आवडतं, आणि आपली गाडी मे ते सप्टेंबर एका जागी उभी असते. व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी नसेल तर हंगामाच्या सुरुवातीला तिथे टॉर्च मारून बघणं हे पहिलं काम.

तरीही माझ्या मते सगळ्यात जास्त गाड्यांना छळतो तो नळीचा झोळ. टाकी पलंगाखाली किंवा गाडीच्या पोटात असते, भरायचं तोंड बाजूच्या पत्र्यावर. मधली मऊ नळी उन्हाने आणि खड्ड्यांनी सैल होते, तिचा क्लॅम्प सुटतो आणि मध्येच ती लोंबते. झोळात मागच्या वेळचं पाणी साचून राहतं. आता हवेला बाहेर पडायचं तर आधी ते पाणी पुढच्या चढावर ढकलावं लागतं. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. झोळ १२ सेंटीमीटर खोल असेल तर टाकीतला दाब १२ सेंटीमीटर पाण्याएवढा झाल्याशिवाय एक बुडबुडाही पलीकडे जात नाही. जी नळी मोकळी असती तर दोन मिलिमीटरवर भागलं असतं, ती आता साठ पट मागते.

आणि खरी गंमत पुढे आहे. एका नळीत असे तीन झोळ असले तर त्यांची बेरीज होते: १२ अधिक १२ अधिक १२, म्हणजे ३६. तुमच्या गाडीचं भरायचं तोंड टाकीच्या वर ३५ सेंटीमीटरवर असेल, तर तोंडापर्यंत पाणी चढलं तरी त्याचा दाब हवेला बाहेर काढायला पुरत नाही. पाणी तोंडातून सांडतं आणि टाकी अर्धीच राहते. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वरच्या टाकीत पाणी असून एका फ्लॅटचा नळ कोरडा पडतो, प्लंबर येतो आणि ‘साहेब, लाइनमध्ये एअर आहे’ म्हणतो, तेव्हा तिथेही हीच बेरीज चाललेली असते.

(युरोप-कॅनडातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे झोळातलं पाणी हिवाळ्यात गोठतं आणि व्हेंटला पक्कं बूच बसतं. टाकी रिकामी करून गाडी उभी केली तरी झोळ रिकामा होत नाही.)

झोळात पाणी थांबतं हे ओमानच्या फलज बांधणाऱ्यांना शेकडो वर्षांपूर्वी माहीत होतं, आणि त्यांनी ते उपयोगात आणलं. फलज म्हणजे डोंगराकडचं पाणी नुसत्या उताराने गावापर्यंत आणणारा कालवा. इथले पाच फलज २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वाटेत वाडी, म्हणजे कोरडी नदी आडवी आली की काही ठिकाणी कालवा उभ्या विहिरीसारखा खाली उतरतो, नदीच्या तळाखालून जातो आणि पलीकडे थोड्या कमी उंचीवर पुन्हा वर येतो. हा जाणूनबुजून केलेला झोळच. तो बिनतक्रार चालतो, कारण दोन्ही टोकं उघडी आणि त्यातून फक्त पाणी जातं. हवेला त्या वाटेने जायचंच नसतं. आपल्याकडे औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधली. त्या बंद नळांच्या मार्गावर जागोजागी उंच पोकळ मनोरे दिसतात, त्यांना बंबे म्हणतात. पाण्याचा दाब सांभाळणं आणि अडकलेली हवा बाहेर सोडणं हे त्यांचं काम. तीच आपली व्हेंट, फक्त दगडविटांची आणि दोन माणसं उंच.

आता तपासणीकडे. दोष व्हेंटमध्ये की भरायच्या नळीत, हे ओळखायची सोपी युक्ती अशी: टाकीच्या वरच्या बाजूचं व्हेंटचं टोक क्लॅम्प सैल करून काढा आणि तसंच भरून बघा. टाकी भराभर भरली तर दोषी व्हेंट. तरीही पाणी उलटं आलं तर भरायची जाड नळी तपासा, तिलाच झोळ पडलेला असेल किंवा ती कुठेतरी मुडपली असेल. (हे करताना खाली फडकी पसरा आणि टाकी काठोकाठ भरू नका.) काढलेल्या व्हेंटमध्ये तोंडाने फुंकून बघा. मोकळी असेल तर फुंकर सहज जाते, झोळात पाणी असेल तर हुक्क्यासारखा आवाज येतो, चोंदली असेल तर गाल दुखतात. टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मात्र इथे लावू नका, निदान व्हेंट टाकीला जोडलेली असताना तरी नकोच.

उपाय स्वस्तात होतो. नळी टाकीपासून तोंडापर्यंत सतत चढती राहील अशी ताणून घ्या, जास्तीची कापून टाका, दर फूटभरावर पट्टीने फळीला बांधा. माझ्या अनुभवात दहापैकी सात गाड्या एवढ्यावरच सुधारतात. बाजारात मिळणारी झडपांची नि पंपांची महागडी जोडणी घेण्याआधी हे करून बघा.

प्रवासातच अडलात तर एक सोय आहे. जाड भरायच्या नळीतून बोटापेक्षा बारीक अशी दुसरी नळी आत सारा, झोळ ओलांडून टाकीपर्यंत, आणि पाणी त्या बारीक नळीतून सोडा. पाणी आतल्या नळीने जातं, हवा तिच्या भोवतीच्या पोकळीतून बाहेर येते. वाण्याची दोन भोकं एकाच भोकात. नळी पिण्याच्या पाण्यासाठी असलेलीच वापरा, बागेतली जुनी हिरवी नको.

काही गाड्यांत नळ्या निर्दोष असतात, पण गाडी तिरकी उभी असते. टाकी १२० सेंटीमीटर लांब, ४० रुंद, ३० उंच, म्हणजे १४४ लिटरची धरा. गाडी लांबीच्या दिशेने फक्त ३ अंश कलली तर एक टोक दुसऱ्यापेक्षा ६ सेंटीमीटर वर जातं. व्हेंट खालच्या टोकाला असेल तर पाणी तिचं तोंड आधी बुडवतं आणि वरच्या टोकाला १५ लिटर हवा पाचरीसारखी अडकते. चार जणांचं दिवसभराचं पिण्याचं पाणी या पाचरीत गेलं. म्हणून भरताना व्हेंटची बाजू किंचित उंच राहील अशी गाडी लावा. गेजवर विसंबू नका, त्याचे दिवे तिसऱ्या हिश्शांत बोलतात आणि आत शेवाळाचा थर बसला की खोटंही बोलतात. दहा लिटरची बादली आणि घड्याळ यांनी नळाचा वेग मोजून घ्या. बादली अर्ध्या मिनिटात भरत असेल तर १४४ लिटरला सात मिनिटांच्या थोडं वर लागलं पाहिजे. चार मिनिटांत ‘भरली’ तर ती भरलेली नाही.

आता धोक्याची गोष्ट, आणि हे मी जरा आवाज चढवून सांगतोय. पाणी उलटं येतं म्हणून काही जण नळी भरायच्या तोंडावर कपलिंग लावून घट्ट आवळतात, की जाईल कसं नाही! घराच्या नळाला दोन-तीन बार दाब असतो. व्हेंट चोंदलेली असेल तर तो सगळा टाकीच्या भिंतींवर येतो. ६० बाय ४० सेंटीमीटरच्या एका भिंतीवर २ बार म्हणजे जवळजवळ ५ टन भार. प्लास्टिकची टाकी त्याच्या विसाव्या हिश्शालाच, म्हणजे पाव टनालाच, फुगायला लागते, वरची फळी उचलते, आणि पुढे शिवण उकलते. अल् घुब्र्याला राहणाऱ्यांना दाबाचं कौतुक असणं साहजिक आहे: मस्कतचा समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा प्रकल्प १९७६ साली इथेच सुरू झाला, आणि २०१६ पासून इथलाच रिव्हर्स ऑस्मोसिसचा नवा प्रकल्प ६० बारच्या आसपासच्या दाबाने समुद्र पडद्यांतून ढकलून दिवसाला सुमारे १ लाख ९१ हजार घनमीटर पाणी देऊ शकतो. पण तिथे पोलादी नळ्या आहेत. तुमच्या पलंगाखाली काही मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे.

त्याच कारणाने टँकरच्या जाड पाइपने कॅरॅव्हॅन भरू नये. टँकरचा पंप मिनिटाला ३०० लिटर सहज टाकतो, म्हणजे बागेच्या नळीच्या पंधरा पट, आणि व्हेंटला लागणारा दाब सव्वादोनशे पट. निर्दोष व्हेंटही तिथे हात टेकते. टँकरवाल्याला गच्चीवरची टाकी भरू द्या आणि तिथून नळीने गाडीत घ्या. टँकर निळा आहे ना, तेवढं बघा. इथे पिण्याचं पाणी निळ्यातून येतं, पिवळा सांडपाण्याचा.

उलटा आजारही असतो: टाकी आपोआप भरते. कॅम्पसाइटच्या नळाला गाडी थेट जोडलेली असताना पाणी टाकीत शिरत असेल, तर पंपामधली एकमार्गी झडप गळतेय. व्हेंटमधून ठिबकायला लागलं की कळतंच, पण व्हेंट चोंदलेली असली तर तेही कळत नाही आणि टाकी गुपचूप फुगत राहते. नळाचा पाइप सोडवा, झडप साफ करा किंवा बदला, तोवर रात्री नळ बंद ठेवा.

भरून झाल्यावरही व्हेंट सुटीवर जात नाही. पंप पाणी ओढतो तेव्हा तेवढीच हवा तिच्यातून आत यावी लागते, नाहीतर टाकी आत दबते आणि नळाची धार हळूहळू मरते. तोंडाचं झाकण उघडल्याबरोबर ‘सुस्स’ आवाज येऊन धार परत आली तर निदान झालं. शिवाय सकाळी २५ अंशांवर भरलेलं पाणी उन्हात ५५ अंशांपर्यंत तापलं तर १०० लिटरचे १०१ लिटरच्या थोडे वर होतात. काठोकाठ टाकीच्या व्हेंटमधून दुपारी लिटरभर पाणी वाळूत टपकलेलं दिसलं, तर टाकी फुटलेली नाही. व्हेंट काम करतेय.