खोक्यातलं जहाज, कोसबादचे शिंपले

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९८९ साली समुद्री चाच्यांचं एक जहाज बाजारात आणलं. नाव ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’, क्रमांक ६२८५, सुटे भाग नऊशेहून जास्त. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खरीखुरी कापडी शिडं आणि त्यांवर कवटीचं चिन्ह. जहाजाच्या पोटाला बाक हवा, आणि तो चौकोनी ठोकळ्यांतून काही केल्या येत नाही. म्हणून कंपनीने त्यासाठी मोठाले साचेबंद भाग घडवले. पण मुलं भाळली ती माणसांवर. लेगोची छोटी माणसं १९७८ पासून एकाच चेहऱ्याने हसत होती, दोन ठिपके आणि एक वाकडी रेघ. या जहाजावर पहिल्यांदा दाढीमिश्या आल्या, एका डोळ्यावर पट्टी आली, हाताच्या जागी आकडा आणि पायाच्या जागी लाकडाचा दांडा आला. सोबत पोपट आणि माकड. तोफांमध्ये स्प्रिंग होती, त्या खरोखर गोळा फेकायच्या. अमेरिकेत विकलेल्या संचांत मात्र तोफा नुसत्या दिखाऊ होत्या. चाच्यांनी तिथे लढाई कशी करायची, हे पोरांनीच ठरवायचं!

या जहाजाच्या विरोधात गव्हर्नर ब्रॉडसाइडचे निळ्या डगल्यांचे शिपाई आणि त्यांचा किनाऱ्यावरचा किल्ला, ‘एल्डोराडो फोर्ट्रेस’. चाच्यांची ही मालिका १९९७ मध्ये बंद पडली. पुढे ती अधूनमधून डोकं वर काढत राहिली. २००२ मध्ये तेच जहाज नव्या क्रमांकाने पुन्हा निघालं, २०२० मध्ये एका चाहत्याच्या कल्पनेवरून त्याच जहाजाचं फुटकं रूप बेटासकट आलं, आणि २०२३ मध्ये किल्लाही परतला. मूळ किल्ल्यात भाग होते ५०६, नव्यात २,५०९. नव्या खोक्यावर वयाची अट छापली आहे, १८ वर्षांच्या पुढे. म्हणजे खेळणं तेच, पण गिऱ्हाईक म्हणजे १९८९ चा तो पोरगाच, आता चाळिशी ओलांडलेला आणि खिशात पैसे असलेला.

महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांना मात्र हे जहाज त्या काळी दिसलंही नाही. खेळण्यांच्या आयातीवर तेव्हा निर्बंध होते. ते पूर्ण उठायला २००१ उजाडलं. मध्यमवर्गीय घरात फार तर ‘मेकॅनिक्स’चा पत्र्याच्या पट्ट्यांचा नि नट-बोल्टांचा संच असायचा, आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला. आजही लेगोचं खोकं इथे महाग पडतं, कारण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर.

डहाणूत बसून हे सगळं वाचताना गंमत वाटते ती वेगळ्याच कारणाने. लेगोने खोक्यात घातलेला देखावा या किनाऱ्यावर दगडात उभा होता. डहाणूच्या खाडीशी पोर्तुगीजांचा किल्ला, खाली तारापूर, त्याखाली शिरगाव, केळवे-माहीम. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारायचं नाही, आणि हाकारलं तर ते लुटायचं, हा त्यांचा सरकारी शिरस्ता. उलट कान्होजी आंग्र्यांनी आपल्या समुद्रात तोच हक्क सांगितला, तर इंग्रजांच्या दप्तरात ते चाचे ठरले. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी आप्पांच्या मोहिमेत डहाणूसकट हा पट्टा मराठ्यांकडे आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. खेळण्याच्या कारखानदाराला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही.

पण या तालुक्याचं खेळण्यांच्या इतिहासातलं खरं स्थान किल्ल्याशी जोडलेलं नाही. ते आहे बोर्डीच्या किनाऱ्यापासून आत, कोसबादच्या टेकडीवर.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) मूळच्या मुंबईच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघालं. हे सगळं शहरातलं, शिकल्यासवरलेल्यांच्या मुलांसाठीचं. १९४५ मध्ये वयाच्या पन्नाशीनंतर त्या बोर्डीला आल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका प्रशिक्षण शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेलं. त्यानंतर त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. ताराबाईंबरोबर त्या बोर्डीला गेल्या आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत या मुलखातच राहिल्या.

१९४५ हे साल या भागात साधं नव्हतं. त्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या वतीने त्यांच्यासोबत होते. ऑक्टोबरात तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. ज्या पाड्यांत आईबाप सावकार-जमीनदाराच्या वेठीला जुंपलेले, तिथलं पाच-सहा वर्षांचं पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन गुरांमागे हिंडायचं. अशा पोराला कसली शाळा आणि कसलं खेळणं!

ताराबाईंच्या हाती होती ती माँटेसरी पद्धत. स्वतः मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांची साधनं म्हणजे सुतारकामाचा नमुना. गुलाबी मनोऱ्याचंच घ्या. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा घन, सगळे एका रंगाचे. मोठ्यावर लहान असा रचला तर मनोरा नीट उभा राहतो. एखादा घन मध्येच चुकला तर नजरेला लगेच खुपतं, आणि मूल स्वतःच तो काढून परत लावतं. बाईंनी ‘चूक’ म्हणायची गरजच पडत नाही. सगळी करामत त्या मोजमापात आहे. लेगोचंही तेच. तिथे मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही चालत नाही, म्हणून १९५८ च्या नमुन्याचा ठोकळा आजच्या ठोकळ्याला घट्ट बसतो.

अशी साधनं महाग. बोर्डीच्या बालवाडीला ती विकत घेणं परवडणारं नव्हतं, आणि घेतली असती तरी पाड्यावरच्या पोराला तो चकचकीत मनोरा परकाच वाटला असता. तेव्हा ताराबाई-अनुताईंनी हाताशी होतं ते घेतलं. समुद्रावरचे शिंपले, ओढ्यातले गोटे, झाडांच्या बिया, पानं, फुलं, काटक्या, माती. लहान-मोठे शिंपले वेगळे करायचे, बियांच्या रांगा लावून मोजायचं, पानांची जोडी जुळवायची, काटक्यांचं घर बांधायचं. बालवाडीचा हा सरंजाम बिनपैशाचा, आणि हरवला तर दुसऱ्या दिवशी पोरंच नवा गोळा करून आणणार.

पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पोरांकडे गेली. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात रोज दोन-तीन तास. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी आणि खेळ. हीच ती अंगणवाडी. १९५७ च्या सुमारास संस्था कोसबादला आली, तिथे विकासवाडी उभी राहिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरत असतील तिथेच शाळा, झाडाखाली. मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. अनुताईंनी या सगळ्याचं वर्णन ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात केलं आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात अशी केंद्रं तेरा लाखांहून अधिक आहेत.

इथे कोसबादचं कौतुक करून थांबणं सोपं आहे. पण शिंपल्यांच्या संचात एक मोठी अडचण आहे, आणि ती झाकून चालणार नाही. गुलाबी मनोरा आपली चूक आपणच दाखवतो. लेगोच्या खोक्यात पुस्तिका असते. पान उलटत गेलं की आठ वर्षांच्या पोराच्या हातूनही जहाज उभं राहतं, शेजारी कोणी मोठं माणूस असो-नसो. शिंपल्यांना माप नसतं. दोन शिंपल्यांत मोठा कुठला, हे पोराने ठरवायचं आणि ते बरोबर ठरवलं की नाही हे ताईंनी पाहायचं. कुठल्या पोराला आज मोजणी द्यायची, कुणाला नुसतं चित्र मांडू द्यायचं, कधी हात घालायचा आणि कधी गप्प बसायचं, हे सगळं ताईंच्या डोक्यात. त्या संचाची पुस्तिका म्हणजे ताई. कोसबादला हे पक्कं कळलेलं होतं, म्हणूनच तिथे साधनांइतकंच लक्ष बालसेविका तयार करण्यावर होतं. ताई तयार नसेल तर टोपलीत उरतात ते नुसते शिंपले.

चाच्यांच्या जहाजाची बाजूही मांडायला हवी. त्या जहाजासोबत एक गोष्ट आयती मिळायची: दाढीवाला कप्तान, निळे शिपाई, लपवलेला खजिना. मूल रचून झाल्यावर थांबायचं नाही, तिथून खेळ सुरू व्हायचा. आज पन्नाशीकडे झुकलेली माणसं जुन्या खोक्यांसाठी चढी किंमत मोजतात ती ठोकळ्यांसाठी थोडीच! आणि लेगोची सुरुवातही सुताराच्या रंध्यापासूनच आहे. ओले कर्क क्रिस्टियनसन १९३२ पासून बिलुंड गावात लाकडी खेळणी करायचा. १९६० च्या आगीत लाकडी खेळण्यांचं कोठार जळालं आणि कंपनीने लाकूड सोडलं.

अंगणवाड्यांना सरकारकडून आता शालापूर्व शिक्षणाचे तयार संच मिळतात. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यात देशी, हाताने करता येणाऱ्या खेळण्यांवर भर आहे आणि सेविकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण. म्हणजे कोसबादचा विचार दिल्लीने ऐंशी वर्षांनी पुन्हा हातात घेतला, ही आनंदाची गोष्ट. पण अनुताई ताराबाईंजवळ शिकल्या त्या अनेक वर्षं, रोज, पोरांच्या घोळक्यात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या सेविकेकडे पोषण आहार, वजनं, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणं एवढी कामं आधीच आहेत. तेव्हा संच कसले द्यायचे यावर बैठका घेणाऱ्यांनी आधी तिच्या दिवसातले दोन तास मोकळे करावेत, आणि प्रशिक्षणाचे तीन दिवस तीन महिने करावेत. शिंपले बोर्डीच्या किनाऱ्यावर अजून पुष्कळ आहेत.