केळव्याच्या पोरांनो, पावडरचा डबा नंतर घ्या!
जिम लावली की पहिला प्रश्न ठरलेला, "पावडर कुठली घेऊ?" अरे, आधी किनाऱ्यावर वाळणारे बोंबील बघा! 100 ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे 60 ग्रॅम प्रथिनं असतात. खारवलेले असतील तर भिजवून ते पाणी टाकून द्या. एका अंड्यात 6 ग्रॅम. स्नायू वाढवायला वजनाच्या किलोमागे रोज साधारण 1.6 ग्रॅम पुरतात, म्हणजे 60 किलोच्या पोराला 96. शाकाहारी मंडळींना वाल, चणे, सोयाबीन आहेतच.

व्यायाम आठवड्यातून तीनदा बास. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग. 12 वेळा नीट जमलं की थोडं वजन वाढवा. नुसते दंड फुगवत बसू नका, पायही तुमचेच आहेत! मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.