मटकीचा दाणा सजीव की निर्जीव?

हलते ते जिवंत, असे लहान मुलांना वाटते. म्हणून ढग, नदी, सूर्य जिवंत. झाड मात्र नाही. जाँ पियाजे यांनी १९२६ मधील पुस्तकात मुलांच्या अशा उत्तरांची नोंद केली आहे. शाळेत आपण यावर उपाय म्हणून वाढ, श्वसन, प्रजनन अशी लक्षणांची यादी फळ्यावर लिहून देतो. मुले ती पाठ करतात. मग कोरड्या मटकीचा दाणा पुढे ठेवावा. तो वाढत नाही, खात नाही, हलत नाही. म्हणजे यादीप्रमाणे निर्जीवच!

येथे उत्तर सांगण्याची घाई करू नये, असे आम्हाला वाटते. मूठभर मटकी नुसती भिजवावी, मूठभर दहा मिनिटे उकळून घ्यावी. दोन्ही ओल्या फडक्यांत वेगवेगळ्या बांधाव्यात. (खडेही बांधू या, असे कोणीतरी सुचवतेच, जरूर बांधावेत.) दोन दिवसांत एकीला मोड येतील, दुसरीला वास. उकळल्याने मटकीतून काय गेले, यावर मुलांना भांडू द्यावे. उकडलेली मटकी मेली, पण खडा मेला असे आपण म्हणत नाही, हा मुद्दाही त्यातूनच निघतो.

कोरड्या बीत जीवनक्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात, पेशी मात्र शाबूत राहतात. इस्रायलमध्ये मसादा येथे सापडलेली खजुराची सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये रुजली.