चुकीच्या पत्त्यावर शोधलेला रानपिंगळा

महाराष्ट्रातील कोणत्याही गावात दिवेलागणीच्या सुमारास जुन्या वडापिंपळाखाली उभे राहिले, तर पिंगळा दिसण्यासाठी फार वाट पाहावी लागत नाही. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरसारखे धरणाकाठचे गाव असो की मोठ्या शहराचे उपनगर, ठिपकेदार डोक्याचे हे वीतभर उंचीचे घुबड माणसाच्या शेजारीच राहत आले आहे. या पक्ष्याची भाषा कळते असे सांगून पहाटेच्या वेळी भविष्य वर्तवणारा पिंगळा जोशीही मराठी लोकजीवनाला परिचित आहे.

या घरच्या पिंगळ्याचा एक भाऊबंद मात्र तब्बल ११३ वर्षे जगाच्या नजरेआड राहिला. तो म्हणजे सातपुड्याच्या डोंगररांगांत राहणारा रानपिंगळा. तो नामशेष झाला, असे अनेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो आपल्या रानातच होता. त्याच्या शोधाची दिशा भरकटण्यामागे जंगलाच्या दुर्गमतेइतकाच एका कागदी चिठ्ठीचाही हात होता.

सात नमुन्यांचा पक्षी

रानपिंगळ्याची पहिली शास्त्रीय ओळख १८७३ मध्ये झाली. ती करून देणारे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम पुढे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आले. पण त्या काळात त्यांची ख्याती होती ती पक्षिशास्त्रज्ञ म्हणून. आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लुइट यांनी १८७२ च्या डिसेंबरमध्ये मिळवलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी या नव्या घुबडाचे वर्णन केले आणि ब्लुइट यांचेच नाव त्यास दिले. त्यानंतर १८८० च्या दशकाच्या आरंभी मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात, आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्याच हाती लागला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने होते.

यांपैकी एका नमुन्यावरील चिठ्ठी मात्र वेगळेच सांगत होती. ब्रिटिश लष्करी अधिकारी व नामवंत पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील हा पक्षी १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याची नोंद तिच्यावर होती. ही नोंद खरी मानली, तर रानपिंगळा विसाव्या शतकातही जिवंत होता आणि त्याचा शोध मांडवीच्या आसपास घेणे हेच शहाणपणाचे होते. नंतर शोध घेणाऱ्यांनी ती खरी मानली. मायनर्ट्झहागेन यांच्या नावाचा दबदबाच तसा होता. शोधाची दिशा त्यामुळे भरकटली आणि रानपिंगळा काही सापडला नाही.

कापसाने दिलेली साक्ष

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांना दक्षिण आशियातील पक्ष्यांचा अभ्यास करताना मायनर्ट्झहागेन यांच्या संग्रहाविषयी शंका येऊ लागली. तपासाअंती उलगडले ते धक्कादायक होते. संग्रहालयांतील इतरांचे नमुने चोरायचे, त्यांची रचना थोडीफार बदलायची आणि नव्या ठिकाणाची, नव्या तारखेची चिठ्ठी बांधून ते आपल्या नावावर मांडायचे, असा हा उद्योग होता. पक्ष्याच्या कातडीत कापूस भरून ती शिवण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी निराळी असते. क्ष-किरण तपासणी व आतील कापसाचे परीक्षण यांतून मांडवीचा म्हणून मिरवणारा रानपिंगळा मुळात डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला होता, हे स्पष्ट झाले. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हा सारा तपास शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केला.

खोटी चिठ्ठी बाजूला सारताच खऱ्या नोंदींचा नकाशा समोर आला. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांनी या नकाशानुसार शोध सुरू केला. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी पदरी निराशा आल्यावर ते शहाद्याकडे वळले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडाच्या फांदीवर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. डेव्हिडसन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवलेल्या मुलखातच तो होता.

घुबड, पण दिवसाचे

रानपिंगळा ओळखायचा कसा? घरच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, करड्या-तपकिरी रंगाचे असते. छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पांढरेशुभ्र पोट, पंख व शेपटीवर ठळक आडवे पट्टे आणि शरीराच्या मानाने दणकट, पिसांनी झाकलेले पाय या त्याच्या अन्य खुणा. घुबडांच्या सर्वसाधारण रीतीला सोडून तो भरदिवसा वावरतो. हिवाळ्यात सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसणे आणि शेपटी हलवत खालच्या जमिनीवर नजर ठेवणे हा त्याचा नित्यक्रम. सरडे व पाली हे त्याचे मुख्य भक्ष्य. त्याखेरीज उंदीर, लहान पक्षी, बेडूक व मोठे कीटकही तो पकडतो. झाडांच्या ढोलीत तो घरटे करतो आणि हिवाळ्याच्या आरंभापासून उन्हाळ्यापर्यंत त्याच्या विणीचा हंगाम चालतो.

शिकारीच्या या पद्धतीतच त्याच्या अधिवासाचे रहस्य आहे. जमिनीवरचा सरडा वरून दिसायचा, तर झाडोरा विरळ हवा. घरटे करायचे, तर ढोली असलेली जुनी, जाड खोडाची झाडे हवीत. साग, सालई, धावडा यांचे मोकळे, पानझडी रान या दोन्ही गरजा भागवते. घनदाट, सदाहरित अरण्य त्याच्या उपयोगाचे नाही आणि उघडा माळही नाही.

मेळघाटचा आधार

पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तोरणमाळ, तळोदा व मेळघाटात त्याचा मागोवा घेतला. पुढे मध्य प्रदेशात आणि गुजरातेतील डांगमध्येही तो आढळला. २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली, तेव्हा सातपुड्यापासून इतक्या दूर तो असेल याचे अनेकांना आश्चर्य वाटले. तरीही त्याचा सर्वांत मोठा आधार मेळघाटच आहे.

अमरावती जिल्ह्यात गाविलगडच्या डोंगरांत वसलेला मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पाच्या आरंभीच्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. वैराटचे शिखर समुद्रसपाटीपासून ११७८ मीटर उंच आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा व डोलार या नद्या येथील दऱ्यांतून वाहत तापीला मिळतात. अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद असलेल्या या रानात सर्पगरुड व मोरघार घिरट्या घालतात, शेपटीच्या दोन लांब पिसांचा महाभृंगराज इतर पक्ष्यांच्या नकला करतो, पावसाळ्यात नवरंग शीळ घालतो आणि उंबरांवर राज्यपक्षी हरियालाचे थवे उतरतात. वाघासाठी राखलेल्या जंगलाने या सर्वांबरोबर रानपिंगळ्यालाही आसरा दिला.

विरळ रानाचे मोल

मात्र हा आसरा सर्वत्र सारखा नाही. रानपिंगळ्याला लागणारे विरळ, सपाटीचे रान बहुधा जंगलाच्या कडेला, गावांना व शेतांना लागून असते. अतिक्रमण, सरपणासाठी तोड, वणवे आणि चराई यांचा पहिला घाव याच पट्ट्यावर बसतो. पोखरलेले झाड निरुपयोगी समजून तोडले गेले, की ढोलीही जाते. त्यात घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेची भर पडते. लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजनीय आणि अपशकुनी म्हणून तिरस्करणीय, अशा दुहेरी समजुतींत सापडलेल्या घुबडांना जादूटोण्यासाठी जीव गमवावा लागतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रानपिंगळ्याला स्थान आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०१८ मध्ये त्याची श्रेणी 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी बदलली. त्याची नवी ठिकाणे उजेडात आल्याचा हा परिणाम होय. तरीही प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या हजाराच्या आतच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये तोरणमाळला संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले, ही जमेची बाजू. परंतु अभयारण्यांच्या सीमेबाहेरील रानाचा प्रश्न त्याने पूर्णपणे सुटत नाही.

म्हणूनच प्रत्येक खरी नोंद मोलाची ठरते. पक्षी कोठे, केव्हा, कोणत्या झाडावर दिसला हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, तर एखादे रान निरुपयोगी ठरवून मोडण्याआधी त्याच्या बाजूने पुरावा उभा राहतो. एका खोट्या चिठ्ठीने रानपिंगळ्याचा शोध लांबवला आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी तो पुन्हा मिळवून दिला. पत्ता तर आता ठाऊक झाला आहे. त्या पत्त्यावरचे रान शिल्लक ठेवणे एवढेच माणसाच्या हाती उरले आहे.