जुन्या एअरस्ट्रीमची तळापासून पुनर्बांधणी

मोटारीमागे जोडून ओढत नेण्याच्या फिरत्या घराला अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात, आणि या घरांपैकी ज्याच्या जीर्णोद्धाराचे स्वतंत्र कसबच तेथे विकसित झाले आहे, ते म्हणजे वॉली बायम यांच्या कंपनीचे चंदेरी ‘एअरस्ट्रीम’. त्याचे मूळ विमानविद्येत आहे. लिंडबर्गने ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’च्या बांधणीवर देखरेख केलेल्या हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये अॅल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ ट्रेलर तयार केला. त्यांचा व्यवसाय टिकला नाही, तेव्हा त्याच आराखड्यात बदल करून बायम यांनी १९३६ मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला. आज जीर्णोद्धारासाठी येणारे ट्रेलर बहुधा त्यानंतरच्या, विशेषतः १९५० ते १९७० या दशकांतील असतात.

त्यांची दुरुस्ती समजण्यासाठी रचना ध्यानात घ्यावी लागते. वरचे कवच ‘सेमी-मोनोकॉक’ पद्धतीचे असते, म्हणजे पत्रा हे नुसते आवरण नसून आतल्या बाकदार बरगड्यांच्या बरोबरीने तोही भार पेलतो. बाहेरचा आणि आतला असे दोन्ही पत्रे बरगड्यांना रिव्हेटांनी जखडलेले असतात. खाली पोलादी चॅसी असते. तिच्यात दोन लांब तुळया, त्यांना सांधणारे आडवे दुवे आणि तुळयांपासून दोन्ही कडांपर्यंत बाहेर आलेले ‘आउटरिगर’ नावाचे बाहू असतात. या दोहोंच्या मध्ये प्लायवुडची जमीन असते, आणि कवचाच्या तळाशी फिरवलेली अॅल्युमिनियमची पन्हळ बोल्टांनी या प्लायवुडमधून खालच्या आउटरिगरांना आवळलेली असते. त्यामुळे ही जमीन केवळ चालण्यासाठी नसते. कवच आणि चॅसी यांना एकजीव करणारा सांधाच तो असतो, आणि सारे अॅल्युमिनियम व पोलाद शाबूत राहिले तरी मधले लाकूड गेले की ट्रेलरची ताकद जाते.

लाकूड जाते ते पाण्याने. खिडक्यांच्या कडा, मागचे दिवे आणि विशेषतः मागच्या बंपरजवळचा जोड येथून झिरपणारे पाणी प्लायवुडच्या उघड्या कडांमध्ये शोषले जाते, थर सुटतात आणि कुजलेल्या लाकडात बोल्टांची पकड राहत नाही. चॅसीच्या पोटाला झाकणारा पत्रा हे पाणी बाहेर पडू देत नाही. त्यावरचे काचतंतूचे उष्णतारोधक ओले राहते आणि पोलादाला वरून न दिसणारा गंज चढतो. भिजलेल्या जागी अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना भिडले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते. अखेरीस कवचाचा मागचा भाग चॅसीपासून सुटतो. मागच्या बंपरवर कोणी उभे राहिले असता बंपर दबतो आणि कवच मात्र जागचे हलत नाही, ही या दोषाची जुनी आणि खात्रीची खूण आहे.

असे असूनही पुष्कळ मालक आधी बाहेरचा पत्रा आरशासारखा चमकवतात आणि जमिनीला कोपऱ्यात ठिगळ लावून थांबतात. सड एका कोपऱ्यापुरती असेल तर ठिगळ समर्थनीय आहे; पण चॅसीच्या तुळया गंजल्या असतील तर संपूर्ण कवच उचलणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो, मग त्याला कितीही वेळ लागो.

त्यासाठी आतले सामान आणि भिंतीच्या तळाचे पत्रे काढले जातात. जमिनीपासून सुटलेले कवच स्वतःच्या वजनाने फाकू नये म्हणून आत लाकडाचे आडवे-तिरपे आधार ठोकतात, आणि हे काम घाईने उरकले तर कवच पुन्हा मूळ जागी बसत नाही. नंतर बोल्ट कापून कवच घोडीवर टांगले जाते आणि खालची चॅसी बाहेर ओढली जाते. वाळूच्या माऱ्याने गंज उतरवल्यावरच तिची खरी अवस्था कळते. सडलेले आउटरिगर कापून नवे वेल्ड केले जातात, चौकटीचे कर्ण मोजून ती काटकोनात आहे ना हे पडताळले जाते आणि मग गंजरोधक रंगाचे थर दिले जातात. आसही याच वेळी बदलावा लागतो, कारण १९६० च्या दशकापासून वापरात आलेल्या आसांत स्प्रिंगचे काम रबराचे दांडे करतात आणि दशकांनंतर ते रबर कडक होऊन धक्के शोषेनासे होते.

नव्या जमिनीसाठी जलरोधक गोंदाचे मरीन प्लायवुड निवडतात. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि बोल्टाच्या प्रत्येक छिद्राला इपॉक्सी पाजतात. जुन्या जमिनीचा पुठ्ठ्यावर उतरवलेला बाह्याकार येथे कामी येतो, कारण कोपऱ्यांची वक्रता थोडी जरी चुकली तरी पन्हळ आणि पत्रा जुळत नाहीत. कवच उतरवताना पत्रे ‘क्लेको’ या स्प्रिंगच्या तात्पुरत्या खिळ्यांनी अडकवून ठेवतात आणि सर्व छिद्रे जुळल्यावरच रिव्हेट ठोकतात. भरीव रिव्हेटासाठी एकाने बाहेरून हातोडी चालवायची आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, असे हे दोघांचे काम असते. सांध्यांत घातले जाणारे सीलंट लवचीकच हवे, कारण तापमानातील सारख्याच वाढीने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. आतला पत्रा बसवण्याआधी सर्व जोडांवर बाहेरून पाण्याची धार धरून गळती तपासली जाते. थेंब दिसला तर त्या जागेचे सीलंट खरवडून पुन्हा भरले जाते आणि सगळे जोड कोरडे ठरल्यावरच बरगड्यांमध्ये नवे उष्णतारोधक भरले जाते.