पाच टक्क्यांचं गणित आणि आपलं यूटी

आपल्या डॅलस भागात दोन मराठी घरं एकत्र जेवायला बसली आणि त्यांतल्या एका घरात अकरावीतलं मूल असलं, की श्रीखंड वाढायच्या आतच "रँक काय?" हा प्रश्न येतो. मूल ताटाकडे बघत राहतं. धाकट्यांना वाटतं, कुठल्या तरी स्पर्धेबद्दल चाललंय. तसं ते आहेही. म्हणून या अंकात ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाबद्दल, म्हणजे आपण ज्याला नुसतं यूटी म्हणतो त्याबद्दल लिहितो आहे. तिथे प्रवेश कसा मिळतो, आणि एकाच विद्यापीठाकडे वेगवेगळी घरं इतक्या वेगळ्या नजरेने का बघतात?

यूटी सुरू झालं १८८३ साली. (मुंबई विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे आपलं थोरलं!) राज्याने विद्यापीठासाठी पश्चिम टेक्सासमधली लाखो एकर जमीन राखून ठेवली होती. जमीन रुक्ष, चराईच्या भाड्यापलीकडे फारसं हाती लागत नसे. मग मे १९२३ मध्ये 'सांता रीटा' नावाच्या विहिरीतून तेल उसळलं आणि विद्यापीठाचं नशीब पालटलं. तेलाचा हा पैसा एका कायम निधीत जातो. त्याच्या उत्पन्नाचे दोन हिस्से यूटीच्या संस्थांना आणि एक हिस्सा टेक्सास ए अँड एमच्या संस्थांना मिळतो. त्या विहिरीची जुनी यंत्रं ऑस्टिनच्या आवारात ठेवली आहेत. गेलात तर मुलांना जरूर दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं यूटीला "आमचं" का म्हणतात, ते तिथे उभं राहिलं की कळतं.

आता प्रवेशाकडे वळू. १९९६ मध्ये 'हॉपवुड' खटल्यात संघीय न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या घटणार हे दिसत होतं. तेव्हा १९९७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने साधा वाटणारा कायदा केला: राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत या, राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश नक्की. शाळा डॅलसची असो की मेक्सिकोच्या सीमेवरची.

आपण पालक इथेच अडखळतो. आपल्या वेळी बारावीला एका मार्काने पुण्याचं सीओईपी हुकायचं, पण कोणामुळे हुकलं ते कळत नसे. पुढे गेलेला मुलगा लातूरचा की नाशिकचा, कोण शोधणार? इथे यादी राज्याची नसून तुमच्याच शाळेची असते. पुढे गेलेली मुलगी तुमच्याच गल्लीत राहते, आणि कदाचित रविवारी याच वर्गात तुमच्या शेजारी बसते.

या नियमाने येणाऱ्या मुलांनी यूटीच्या जागा भरत चालल्या, म्हणून २००९ मध्ये विधिमंडळाने यूटीला सूट दिली: टेक्सासच्या मुलांच्या तीन चतुर्थांश जागाच अशा भराव्यात. तेव्हापासून यूटीचा आकडा बदलू लागला. बरीच वर्षं तो सात-आठच्या आसपास होता, २०१९ पासून सहा झाला, आणि २०२६ च्या प्रवेशासाठी पाच. ए अँड एममध्ये मात्र अजून दहाच आहे. सहाचे पाच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण वर्गात ६०० मुलं धरा: सहा टक्के म्हणजे ३६, पाच टक्के म्हणजे ३०. ती मधली सहा मुलं आपल्या ओळखीची असतात.

आता हेच ६० मुलांच्या वर्गाच्या गावातून बघा. तिथून तीन मुलं हक्काने ऑस्टिनला जातात. कदाचित त्यांच्या आधी त्या गावातून कोणी गेलंही नसेल. हा कायदा टिकला त्यात खेड्यांचे आणि शहरातल्या गरीब वस्त्यांचे आमदार एकत्र आले, याचा मोठा वाटा आहे. आपल्या उपनगरांत तो अन्याय वाटतो, तिथे तो दरवाजा वाटतो. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे, पण दरवाजा त्यांच्यासाठी बांधला होता.

जुन्या टेक्सन घरांचं आणखी वेगळं. त्यांच्याकडे विटकरी नारिंगी टी-शर्ट पाळण्यापासून असतो, आणि ए अँड एमशी फुटबॉलचं वैर घरातल्या घरातही चालतं. तिथे "यूटीला गेला" एवढं सांगितलं की पुरतं. आपल्याकडे लगेच पुढचा प्रश्न येतो: "सीएस मिळालं का?"

तोच तर मुद्दा! पाच टक्क्यांत आलात तरी हमी विद्यापीठाची असते, मेजरची नाही. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, बिझनेस यांसाठी निबंध, विषय, केलेली कामं हे सगळं वेगळं बघितलं जातं. त्यामुळे रँक असूनही दुसराच विषय हाती पडतो, आणि घरात लागल्यासारखी शांतता पसरते. उलट पाच टक्क्यांबाहेरच्या मुलांचाही अर्ज नीट वाचला जातो. काहींना 'कॅप' योजना मिळते: पहिलं वर्ष आर्लिंग्टन किंवा सॅन अँटोनियोसारख्या दुसऱ्या यूटी कँपसवर, ठरलेले गुण मिळवले की ऑस्टिनला बदली. ती मुख्यतः लिबरल आर्ट्ससाठी असते, तिथून इंजिनिअरिंगला जाता येईल अशा भरवशावर राहू नका.

रँकपायी घराघरांत काय होतं, तेही लिहायला हवं. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये एपी वर्गाला सरासरीत जास्त भार मिळतो आणि ऑर्केस्ट्राला साधा. म्हणजे व्हायोलिनमध्ये पैकीच्या पैकी मिळाले तरी सरासरी खाली येते! मग व्हायोलिन सुटतं, पोहणं सुटतं, रविवारची मराठीही सुटते (मराठीचा जीपीएशी काही संबंध नसताना). काही डिस्ट्रिक्ट असे वर्ग हिशेबातून वगळतात, म्हणून आपला नियम मूल आठवीत असतानाच वाचून ठेवा. काही पालक रँकसाठी शाळाच बदलतात. त्यात बेकायदा काही नाही, पण सोळाव्या वर्षी मित्र तोडून नव्या शाळेत जाणाऱ्या मुलाला आधी विचारा तरी.

मुलांनो, तुमच्यासाठी एवढंच: यूटी दर सप्टेंबरात अकरावीच्या मुलांसाठी आकडा जाहीर करतं. अर्ज १ ऑगस्टला उघडतो आणि १ डिसेंबरला बंद होतो. प्रवेश नक्की असला तरी अर्ज वेळेत भरावाच लागतो. रँक ट्रान्सक्रिप्टवर असतो. नसला तर काउन्सेलरकडे स्वतः मागा, आईबाबांना पाठवू नका.