कोपराचा अस्थिबंध आणि वर्षभराची तपश्चर्या

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की कोपर धरून दवाखान्यात येणारी मुले वाढतात. गेल्या हंगामात भालाफेक करणारा एक सतरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला. भाला हातातून सुटताना कोपराच्या आतल्या बाजूस फट्‌दिशी आवाज झाला, आणि त्यानंतर हातात जोरच येईना. एम.आर.आय. तपासणीत अस्थिबंध पूर्ण तुटलेला दिसला. वडिलांचा पहिलाच प्रश्न होता, "डॉक्टर, ऑपरेशन केलं तर दोन महिन्यांनी राज्यस्पर्धेला जाईल ना?"

आपले कोपर दाराच्या बिजागरीसारखे उघडते-मिटते. ते आतल्या बाजूने उघडे पडू नये म्हणून दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड यांना बांधून ठेवणारी एक चिवट पट्टी असते. हाच तो अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. हात मागे खेचून जोराने पुढे फेकताना सगळा ताण या पट्टीवर येतो. हजारो वेळा असे फेकल्यावर ती झिजते आणि एके दिवशी तुटते. (सचिन तेंडुलकरला ज्याने सतावले तो टेनिस एल्बो निराळा. तो कोपराच्या बाहेरच्या बाजूचा विकार आहे.) क्रिकेटच्या गोलंदाजाला नियमाने हात सरळ ठेवून चेंडू टाकावा लागतो, म्हणून तो बराचसा वाचतो. सीमारेषेवरून फेक करणाऱ्या क्षेत्ररक्षकाला मात्र हा धोका असतो.

१९७४ सालापर्यंत ही पट्टी तुटली की फेकणाऱ्या खेळाडूची कारकीर्द संपली असेच समजत. त्या वर्षी जुलै महिन्यात टॉमी जॉन या अमेरिकन बेसबॉलपटूचे डावे कोपर असेच निकामी झाले. चेंडू फेकणे हेच त्याचे पोट होते, आणि वय ३१. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताच्या मनगटाजवळची एक बारीक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोके पाडली आणि खाटेची नवार ओवावी तशी ती त्यांतून ओवून घट्ट केली. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी आधीच सांगितले होते. पुढे करंगळीकडे जाणाऱ्या नसेने त्रास दिला आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संपूर्ण हंगाम बुडाला. पण १९७६ मध्ये जॉन मैदानावर परतला, आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याने मिळवलेल्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत! आजही ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

ती कंडरा काढल्याने हाताचे काही बिघडत नाही. वाचकांनी अंगठा आणि करंगळी एकमेकांस टेकवून मनगट किंचित आत वाकवून पाहावे. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी उठते तीच ती. काहींच्या हाताला ती जन्मतःच नसते. त्यांनी घाबरू नये. अशा वेळी मांडीच्या मागची कंडरा वापरता येते.

शस्त्रक्रिया साधारण दीड-दोन तासांत आटोपते. खरे काम त्यानंतरचे. ओवलेली कंडरा सुरुवातीला नुसता निर्जीव दोर असते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरून ती अस्थिबंधासारखी कणखर व्हायला महिने लागतात, आणि या कामाची घाई कोणत्याही औषधाने होत नाही. पहिला आठवडा-दीड आठवडा हात बांधलेला. मग पट्टा लावून कोपर हळूहळू सरळ करायचे. दीड-दोन महिन्यांनंतर ताकदीचे व्यायाम, तेही केवळ हाताचे नव्हेत, तर खांदा, पाठ आणि पायांचेही, कारण फेकीचा जोर पायांतून येतो. फेक सुरू होते ती चार-पाच महिन्यांनी, आणि स्पर्धा वर्षाने किंवा त्याहूनही उशिरा. एवढे करूनही सगळेच पूर्वीसारखे फेकू शकत नाहीत. मधल्या काळात दुखत नाही, म्हणून मुले गुपचूप जोराने फेकून पाहतात. सर्वांत जास्त नुकसान इथे होते.

आमच्या त्या मुलाची राज्यस्पर्धा अर्थातच हुकली. सध्या सातवा महिना चालू आहे आणि तो वीस पावलांवरून टेनिसचा चेंडू फेकतो. भाल्याला अजून हात लावू दिलेला नाही. वडील माझ्यावर थोडे नाराज आहेत.

अस्थिबंध तुटला म्हणजे प्रत्येकाने चाकूखाली जावे असेही नाही. ज्याला फेकायचे नाही त्याचे बादली उचलणे, मोटरसायकल चालवणे यांत सहसा अडत नाही. अर्धवट फाटलेला असेल तर काही महिने फेक पूर्ण बंद ठेवून व्यायाम केल्यानेही पुष्कळांना बरे वाटते. शस्त्रक्रियेने हात पहिल्यापेक्षा जोरकस होतो, हा समज अमेरिकेतही पालकांमध्ये पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. त्यामुळे होकार देण्यापूर्वी, पुढचे वर्षभर फिजिओथेरपीला कुठे आणि कोण नेणार, हे घरात ठरवून घ्यावे.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत अस्थिबंधाच्या आधी हाडाची वाढ होणारी कच्ची जागाच निखळते. म्हणून फेकल्यावर कोपराच्या आतल्या बाजूस दुखत असेल, करंगळीला मुंग्या येत असतील, किंवा फेक अचानक जवळ पडू लागली असेल, तर त्याच दिवशी सराव थांबवून मुलाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे. हाडवैद्याकडून कोपर चोळून घेऊ नये.